पावसाच्या प्रश्नाकडे जाणाऱ्या वाटा



मे महिना संपत आला की आपल्याकडे घरोघर एकच प्रश्न विचारला जातो : यंदा पाऊस कसा? शेतकऱ्याला बियाणे केव्हा आणायचे ते ठरवायचे असते. धरणावरच्या अभियंत्याला पाणी किती राखून ठेवायचे याची चिंता असते. उत्तर वर्तमानपत्रात येते, 'हवामानखात्याचा अंदाज' म्हणून. अंदाज बरोबर आला तर त्याची आठवण कोणी ठेवत नाही. चुकला तर मात्र वर्षभर थट्टा चालते!

पण हवामानखाते म्हणजे काही यंत्र नव्हे. तिथेही तुमच्याआमच्यासारखी शाळेत शिकलेली माणसेच काम करतात. ती काय शिकली असतील? तिथवर कशी पोचली असतील? तुमच्यापैकी कोणाला उद्या या कामात पडावेसे वाटले, तर वाट कोठून सुरू होते?

तुम्ही म्हणाल, "सोपे आहे! जो लहानपणापासून हवामानशास्त्र शिकतो तो हवामानशास्त्रज्ञ होतो." गंमत अशी की, या शास्त्रात मोठे काम करणाऱ्यांपैकी अनेकांनी सुरुवातीला हवामानशास्त्र शिकलेलेच नव्हते. कोणी गणितातून आले, कोणी पदार्थविज्ञानातून, तर कोणी रॉकेटच्या इंधनातून. अशा पाच जणांची ओळख आज करून घेऊ. प्रश्न सगळ्यांचा एकच, पाऊस कसा पडेल? वाटा मात्र पाच.

गणिताची वाट

भारतीय हवामानखाते १८७५ साली स्थापन झाले. मोसमी पावसाचा मोसमभराचा अंदाज खाते १८८६ पासून देऊ लागले. पुढे १८९९ साली अंदाज चांगल्या पावसाचा दिला गेला आणि प्रत्यक्षात भयंकर अवर्षण पडले. दुष्काळात असंख्य माणसे आणि गुरे दगावली. अंदाज चुकणे ही केवळ थट्टेची गोष्ट नाही, हे त्या वर्षी सर्वांना कळून चुकले.

यानंतर काही वर्षांनी, १९०४ साली, खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर यांच्या हाती आली. हे होते केंब्रिजचे गणिती. रँग्लर परांजपे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर होण्याचा जो मान परांजप्यांनी १८९९ मध्ये मिळवला, तोच मान वॉकर यांनी १८८९ मध्ये मिळवला होता. फेकल्यावर परत हाती येणारे बूमरँग हवेत कसे वळते, याचे गणित मांडण्यात त्यांना मोठा रस होता. हवामानशास्त्राचे शिक्षण मात्र त्यांनी घेतलेले नव्हते.

मग त्यांनी काय केले? जे येत होते ते वापरले. जगभरच्या वेधशाळांतून हवेचा दाब, तापमान व पाऊस यांचे आकडे मागवले. एका ठिकाणचा आकडा वाढला की दुसऱ्या ठिकाणचा वाढतो की घटतो, हे पाहण्याचे एक गणित आहे. त्याला सहसंबंध काढणे म्हणतात. तेव्हा संगणक नव्हते. खात्यातील भारतीय कारकून कागदावर वर्षानुवर्षे ही आकडेमोड करीत होते.

त्यातून एक विलक्षण गोष्ट दिसली. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो घटतो, आणि तिकडे घटला की इकडे वाढतो. जणू हजारो किलोमीटर लांबीचा एक सीसॉ! वॉकर यांनी याला 'दक्षिणी आंदोलन' हे नाव दिले. 'एल निनो' हा शब्द तुम्ही बातम्यांत ऐकता. एल निनोच्या काळात पूर्व व मध्य प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापते. पाण्याचे हे तापणे आणि हवेच्या दाबाचे ते आंदोलन ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत, हे १९६९ मध्ये बियर्कनेस या शास्त्रज्ञाने दाखवून दिले.

वॉकर यांना हवा होता मोसमी पावसाचा पक्का अंदाज. तो काही त्यांच्या हाती आला नाही. पण तो शोधताना त्यांनी जे हाती दिले, त्यावर आजही साऱ्या जगाचे मोसमी अंदाज उभे आहेत.

उपकरणांची वाट

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाची दगडी इमारत आहे. पुण्यात सिमला कुठून आले, असा प्रश्न नवख्या माणसाला पडतो. हवामानखात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून हे नाव! पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, पण बरेचसे काम पुण्यातच राहिले. १९४८ साली तिथे अॅना मणी दाखल झाल्या.

अॅना मणी यांचा जन्म १९१८ मध्ये त्रावणकोर संस्थानात झाला. आठव्या वाढदिवसाला घरच्या रीतीप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या. मुलीने त्या नाकारल्या आणि त्याऐवजी ज्ञानकोश मागितला! मद्रासला पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन त्या बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हिरे आणि माणके यांच्यावर प्रकाश टाकून त्यांच्या वर्णपटाचा अभ्यास करणे हे त्यांचे काम. त्यांनी पाच शोधनिबंध लिहिले, डॉक्टरेटसाठी प्रबंधही दिला. पण मद्रास विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण काय, तर त्या एम.एस्सी. नव्हत्या! ती पदवी त्यांना कधीच मिळाली नाही.

पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्याची शिष्यवृत्ती मिळाली. त्यांना शिकायचे होते पदार्थविज्ञान, पण शिष्यवृत्ती शिल्लक होती ती हवामानाच्या उपकरणांसाठी. त्यांनी तीच घेतली.

परत आल्या तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. साधा तापमापक किंवा वायुभारमापकदेखील परदेशातून आणावा लागे. अॅना मणी यांनी पुण्याच्या कार्यशाळेत सुमारे शंभर प्रकारच्या उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती देशातच बनवण्याची घडी बसवली. उपकरण थोडेसे चुकत असेल तर त्यावर विसंबणारा सारा हिशेब चुकतो. म्हणून चुकीचे माप घेण्यापेक्षा माप न घेतलेले बरे, असा त्यांचा कडक बाणा होता. सूर्याकडून देशाच्या कोणत्या भागाला किती ऊर्जा मिळते हे मोजणारी केंद्रे त्यांनी १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षापासून उभी केली. त्यांनी जमवलेले सूर्यप्रकाशाचे व वाऱ्याचे आकडे पुढे सौरऊर्जा व पवनचक्क्या उभारणाऱ्यांना उपयोगी पडले. हवामानखात्याच्या उपमहासंचालक पदावरून त्या १९७६ मध्ये निवृत्त झाल्या.

ज्यांना डॉक्टरेट मिळाली नाही, त्यांच्या मोजमापांवर पुढे कितीतरी जणांनी आपले संशोधन उभे केले.

वडाखालच्या शाळेतून निघालेली वाट

"आमच्या गावात चांगली शाळा नाही, प्रयोगशाळा नाही," असे कोणी म्हणत असेल तर त्याने जगदीश शुक्ल यांची हकीकत ऐकावी. उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यात मिर्धा नावाचे खेडे आहे. तिथे त्यांचा जन्म १९४४ साली झाला. गावात वीज नव्हती. प्राथमिक शाळा भरे ती वडाच्या झाडाखाली. माध्यमिक शाळेत विज्ञान हा विषयच नव्हता! पुढे विज्ञान शाखेत जायचे तर कसे? वडिलांनी सहावी ते दहावीची विज्ञानाची सारी पुस्तके आणून दिली आणि ती उन्हाळ्याच्या एका सुटीत वाचून काढायला लावली.

शुक्ल बनारस हिंदू विद्यापीठात भूभौतिकी शिकले. १९६२ मध्ये पुण्यात उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था स्थापन झाली होती, तिथे ते काम करू लागले. नंतर अमेरिकेत जाऊन त्यांनी १९७६ मध्ये हवामानशास्त्रातील डॉक्टरेट घेतली.

त्या काळी शास्त्रज्ञांपुढे एक कोडे होते. वातावरणात आजच्या स्थितीत केसाएवढा फरक असला, तरी दोनेक आठवड्यांनंतरची स्थिती पार बदलून जाते, हे लोरेंझ यांनी दाखवले होते. असे असेल तर चार महिन्यांच्या पावसाचा अंदाज देण्याची भाषाच व्यर्थ नाही का?

शुक्ल आणि त्यांचे गुरू चार्नी यांनी १९८१ मध्ये याचे उत्तर मांडले. ते समजण्यासाठी चुलीवरचे पाण्याचे पातेले आठवा. पुढचा बुडबुडा नेमका कोठे उठेल हे सांगता येणार नाही. पण खालचा जाळ वाढवला तर बुडबुडे वाढतील, हे खात्रीने सांगता येईल. वातावरणाखालचा जाळ म्हणजे समुद्राचे तापमान, जमिनीतील ओल आणि डोंगरावरचे बर्फ. या गोष्टी सावकाश बदलतात आणि उष्ण कटिबंधात त्यांचा प्रभाव मोठा असतो. म्हणून १७ जुलैला तुमच्या गावात पाऊस पडेल की नाही हे मे महिन्यात सांगता येत नाही, पण एकूण मोसम कसा जाईल याचा अंदाज बांधता येतो. आज देशोदेशी संगणकाच्या साहाय्याने जे मोसमी अंदाज काढतात, त्यांच्या मुळाशी हा विचार आहे.

रॉकेटकडून आलेली वाट

चौथी व्यक्ती आपल्या पुण्याचीच. वसंत गोवारीकर यांचा जन्म १९३३ चा. शिक्षण रसायन अभियांत्रिकीचे, आणि कीर्ती अवकाशसंशोधनातली. भारतीय रॉकेटांचे घन इंधन विकसित करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९८६ मध्ये ते केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. मोसमी पावसाच्या अंदाजाचे जुने प्रश्न तिथे त्यांच्यासमोर आले.

त्यांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली एक नवे प्रतिमान तयार झाले. हिमालयावरील बर्फ, समुद्राचे तापमान, ठिकठिकाणचे हवेचे दाब, उंचावरचे वारे अशा १६ घटकांची स्थिती पाहून देशभराच्या पावसाचा आकडा काढायचा, अशी ही पद्धत. पहिली १४ वर्षे तिचा बोलबाला झाला. १९८८ ते २००१ या काळात पावसाने देशाला मोठा दगा दिला नाही आणि अंदाजही 'सर्वसाधारण पावसा'चेच होते.

मग उजाडले २००२ साल. अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता. जूनमध्ये पेरण्या झाल्या. जुलै हा तर भर पावसाचा महिना, पण त्यात सरासरीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस झाला. अंकुर जळून गेले. मोसमाअखेर देशाचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी भरला.

असे का झाले असावे? १४ चांगल्या वर्षांत या पद्धतीला खऱ्या अवर्षणाशी एकदाही सामना द्यावा लागला नव्हता. सोप्या परीक्षेत सतत उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याला आपले काय कच्चे आहे ते कळत नाही, तसेच हे झाले. हवामानखात्याने चूक मान्य करून २००३ मध्ये पद्धत बदलली. मित्रांनो, चुकीची कारणे शोधून पुन्हा कामाला लागणे, हाही शास्त्रज्ञाच्या कामाचाच भाग आहे.

शेताच्या बांधापर्यंत जाणारी वाट

२००२ चे कोडे सोडवू पाहणाऱ्यांत सुलोचना गाडगीळ होत्या. त्यांचा जन्म १९४४ साली पुण्यात झाला. त्यांनी पुणे विद्यापीठातून पदवी घेतली रसायनशास्त्रात, एम.एस्सी. केले उपयोजित गणितात आणि १९७० मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. दुसऱ्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अनेक वर्षे अध्यापन व संशोधन केले.

उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते, म्हणून समुद्रावरून वारे येतात व पाऊस पडतो, असे आपण भूगोलात शिकतो. गाडगीळ यांनी यावर एक साधा प्रश्न विचारला. जमीन सर्वांत जास्त तापते मे महिन्यात, मग भरपूर पाऊस जुलैत का? आणि अवर्षणाच्या वर्षी जमीन अधिकच तापलेली असते, मग त्या वर्षी पाऊस अधिक का पडत नाही?

त्यांनी आणि देवराज सिक्का यांनी कृत्रिम उपग्रहांनी घेतलेली ढगांची रोजची छायाचित्रे एकामागून एक तपासली. १९८० मध्ये त्यांनी दाखवले की, विषुववृत्ताजवळ हिंदी महासागरावर ढगांचा एक पूर्वपश्चिम पट्टा तयार होतो आणि दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने तो पुन्हा पुन्हा उत्तरेकडे, आपल्या भूमीवर सरकतो. पावसाला जोर का येतो आणि मध्येच उघडीप का पडते, हे यातून उमगू लागले.

आता २००२ चे कोडे. १९९७ मध्ये अतिशय तीव्र एल निनो होता, तरी भारतात पाऊस व्यवस्थित झाला. २००२ मध्ये एल निनो त्याहून सौम्य, तरी अवर्षण! गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की, केवळ प्रशांत महासागराकडे पाहून भागत नाही. विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागरात आफ्रिकेकडच्या बाजूला ढग अधिक असले तर आपल्या पावसाला ते अनुकूल असते. सुमात्राकडे अधिक असले तर प्रतिकूल. १९९७ मध्ये आपला समुद्र अनुकूल होता, २००२ मध्ये प्रतिकूल.

पण त्यांचे काम येथेच थांबले नाही. आंध्र प्रदेशातील अनंतपूर भागात कोरडवाहू भुईमूग होतो. गाडगीळ व त्यांचे सहकारी त्या भागातील शेतकऱ्यांशी बोलले. शेतकऱ्याला देशाच्या पावसाची टक्केवारी नको होती. त्याला हवे होते ते असे : मी कोणत्या आठवड्यात पेरू, म्हणजे ऐन शेंगा भरण्याच्या वेळी पाऊस ओढ देण्याचा धोका कमी राहील? त्या भागातील पावसाच्या अनेक वर्षांच्या नोंदी आणि पिकाच्या वाढीचे गणित यांची सांगड घालून त्यांनी याचे उत्तर शोधले. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय त्याचा प्रश्न कळत नाही, ही यातील शिकवण. गाडगीळ यांचे जुलै २०२५ मध्ये निधन झाले.

तुमची वाट

या पाचही जणांनी आपापल्या विषयाचे पक्के ज्ञान घेतले होते. ते बरोबर घेऊनच ते पावसाच्या प्रश्नाकडे आले. तेव्हा तुम्हांला या क्षेत्रात यायचे असेल तर पहिली गोष्ट म्हणजे गणित आणि पदार्थविज्ञान यांची साथ सोडू नका. दहावीनंतर विज्ञान शाखा, पुढे पदार्थविज्ञान, गणित किंवा अशाच विषयाची पदवी, ही सरळ वाट. अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र शिकलेल्यांचीही या क्षेत्रात गरज असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाश विज्ञान हा स्वतंत्र विभाग आहे. संशोधनच करायचे असेल तर त्यापुढे डॉक्टरेट. पुण्यात पाषाणला असलेली भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था अशा ठिकाणी ती करता येते.

सर्वांनीच संशोधक व्हावे असे नाही. हवामानखात्याला निरीक्षक लागतात, उपकरणे दुरुस्त करणारे लागतात, रडार सांभाळणारे लागतात. वैज्ञानिक साहाय्यकांची निवड स्पर्धा परीक्षेने होते. पाषाणच्या संस्थेत २०२४ मध्ये 'अर्क' नावाचा महासंगणक बसवण्यात आला. त्यावर चालणारी प्रतिमाने लिहिणारे गणिती आणि संगणकतज्ज्ञ लागतात. शेतीची पदवी घेतलेल्यांना कृषिहवामानाचे दालन उघडे आहे. समुद्राची ओढ असलेल्यांसाठी गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. वास्को येथील ध्रुवीय संशोधन केंद्रातून तर थेट अंटार्क्टिकाच्या मोहिमा आखल्या जातात!

मात्र एक काम असे आहे की त्याला पदवी लागत नाही. ते तुम्ही या जूनपासूनच करू शकता. सपाट तळाचा, सरळ उभ्या कडांचा एक डबा घ्या. झाडे आणि भिंती यांपासून दूर, उघड्यावर, जमिनीपासून थोडा उंच आणि कलंडणार नाही असा ठेवा. रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामानखात्याची माणसे मोजतात त्याच वेळी, आत साठलेल्या पाण्याची खोली पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करून परत ठेवा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटर जमिनीवर १ लिटर पाणी, हे ध्यानात ठेवा. तुमच्या शाळेच्या पटांगणावर एका रात्रीत किती लिटर पाणी पडले, याचा हिशेब करून पाहा. आश्चर्य वाटेल!

पाऊस पडला नाही त्या दिवशी जागा मोकळी सोडू नका, शून्य लिहा. मोजायला विसरलात तर प्रामाणिकपणे 'मोजले नाही' असे लिहा. अंदाजाने आकडा ठोकून देऊ नका. न पडलेला पाऊस आणि न मोजलेला पाऊस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वॉकर यांच्या कारकुनांनी जे आकडे मांडले, गाडगीळ यांनी अनंतपूरसाठी जे आकडे चाळले, ते कोणीतरी कोठल्यातरी गावी रोज सकाळी असेच प्रामाणिकपणे लिहून ठेवलेले होते. त्या माणसांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्यांच्या नोंदींवाचून पुढचे काहीच झाले नसते.

यंदा पाऊस कसा, या प्रश्नाचे पुरते उत्तर अजून कोणालाच मिळालेले नाही. सारी पृथ्वी तापत असताना तर तो अधिकच अवघड होत चालला आहे. तेव्हा काम संपले असेल या धास्तीचे कारण नाही. वही आणि डबा तयार ठेवा, ७ जून फार दूर नाही!